भाऊजींचं ‘नाय’

त्या दिवशी दवाखान्यातल्या त्या खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, सुमन. माझी नणंद विमल, ती बदलापूरला कात्रपला राहते, तिथून सकाळीच आलेली. मशीनवर बसणाऱ्या ताई, त्यांचं नाव मनीषा. मोठे डॉक्टर, ते येऊन जाऊन होते. मुरलीसेठ, ज्याच्या कारखान्याचं काम आम्ही घरी आणतो, तो दाराशी स्टुलावर बसलेला, कारण त्याच्याच टेम्पोतून आम्ही अंबरनाथला आलो होतो. आणि पलंगावर भाऊजी. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, अंगात निळा शर्ट, पायातले मोजे काढून बाजूला ठेवलेले. बाकी कोणी नाही. आमचे मालक, म्हणजे विमलचे मोठे भाऊ, वारले होते. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्यांना जाऊन तर पुष्कळ वर्षं झाली होती. तरी त्या खोलीत त्यांचंच शिकवलेलं चाललं होतं. ते कसं, ते सांगते.

भाऊजी माझे धाकटे दीर. नाव प्रल्हाद. गल्लीत सगळे पल्या बोलायचे. मी लग्न होऊन उल्हासनगरला आले तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असतील. दारातच बसलेले. जीभ जराशी बाहेर, डोळे बारीक, मान आखूड. माझ्या माहेरी असं पोर मी बघितलेलं नव्हतं. मी बोलले, सरक रे बाळा. आतून आत्याबाई बोलल्या, "बाळ नाय. दीर आहे तुझा. भाऊजी बोल, अहो बोल." मी बोलले, "अहो भाऊजी, जरा सरका, मला आत येऊ द्या." ते उठले, चड्डी झटकली आणि सरकले. तेव्हापासून मी त्यांना अहोच बोलत आले. दुसऱ्या कोणी हाक मारली तर मनात असलं तर जायचे. मी भाऊजी बोलले की कॉलर नीट करून उभे राहायचे.

या आजाराला डाऊन सिंड्रोम बोलतात हे मला म्हातारपणी कळलं. आत्याबाई एवढंच बोलायच्या, पोरगं सावकाश आहे.

माझ्या लग्नाआधी, भाऊजी अगदी लहान होते तेव्हा, आत्याबाई अंबरनाथला औषधाच्या बाटल्या धुवायला जायच्या. सासरे नव्हते. आमचे मालक आणि विमल शाळेत. मग भाऊजींना शेजारी ठेवायचं. शेजारीण कोणाचं रडतं पोर ठेवून घेणार? एकदा ठेवलं, दोनदा ठेवलं, मग बोलली, हा पडतो, रडतो, मला झेपत नाही. तेव्हा आत्याबाईंनी भाऊजींना शिकवलं. संध्याकाळी मांडीवर घ्यायच्या, कानाची पाळी दाबायच्या आणि विचारायच्या, दुखतंय का? भाऊजी रडले की काही नाही. गप राहिले आणि ‘नाय’ बोलले की तोंडात गुळाचा खडा. मी सून होऊन आले तेव्हा पण ते चालूच होतं. आत्याबाई वाईट नव्हत्या. पोरगं कुठेतरी ठेवायला पाहिजे होतं, नाहीतर चूल पेटली नसती. पुढे भाऊजी मोठे झाले, शिकवणं संपलं, गूळ संपला. ‘नाय’ तेवढं राहिलं.

त्यांना काही पण विचारा. भूक लागली का, तर हो बोलणार. झोप आली का, हो. दुखतंय का, तर नाय.

आमचं काम जीन्सच्या धागा कटिंगचं. पॅंट शिवून आली की शिवणीला धाग्याची टोकं लोंबत असतात, ती कटरने कापायची. मुरलीसेठचा कारखाना उल्हासनगरातच, कॅम्प पाचला. गठ्ठे घरी आणायचे, कापून परत द्यायचे. आत्याबाई गेल्यावर भाऊजी माझ्याजवळच बसायला लागले. कापायचे कमी, उचलायचे जास्त. पिवळा धागा, नारिंगी धागा, एक टोक जमिनीवर राहू द्यायचे नाहीत. पिशवीत भरून ठेवायचे आणि पिशवी भरली की माझ्या मागे लागायचे, वयनी, शिव. त्याच्या उशा करायच्या. आमच्या घरात कापसाची एक उशी नाही. चेटीचंडला, म्हणजे सिंधी लोकांच्या सणाला, त्यांनी मुरलीसेठला पण एक उशी नेऊन दिली. सेठ बोलला, "वा साईं, मेराच धागा, मेरेकोच देतो." पण ठेवून घेतली. अजून त्याच्या खुर्चीवर आहे.

सेठशी त्यांचं रोजचं एक भांडण होतं. भाऊजी कारखान्यात गेले की हात जोडून जय भीम बोलायचे. सेठ सिंधी, तो बोलायचा, जय झूलेलाल. भाऊजी परत जय भीम. सेठ परत जय झूलेलाल. कारागीर शिलाई थांबवून बघत बसायचे. भाऊजी दारातून हलायचेच नाहीत. शेवटी सेठ बोलायचा, "चल बाबा, जय भीम, आता चहा पी." मग आत जायचे. एवढ्या वर्षांत सेठ एकदाही जिंकला नाही.

त्याच कारखान्यात दुसरा पण एक खेळ चालायचा. वॉशिंगहून आलेल्या पॅंटी वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे असतात. कोणीतरी कारागीर भाऊजींच्या कानाला नाहीतर बोटाला चिमटा लावायचा आणि विचारायचा, पल्याभाई, दर्द होता है? भाऊजी बोलायचे, नाय. सगळे हसायचे. मग दुसरा चिमटा. भाऊजी पण हसायचे. बाहेरगावचा व्यापारी आला की सेठ त्याला दाखवायचा, ये देखो, लोहे का आदमी. कोणी मारायचं नाही, शिवी द्यायचं नाही. चहा द्यायचे, बिस्किट द्यायचे. मी पण बघितलंय. मला पण वाटायचं, खरंच लागत नसेल.

एकदा तर वाफेच्या इस्त्रीवर त्यांनी तळहात ठेवला आणि उचललाच नाही. कोणाला तरी वास आला तेव्हा बघितलं. कातडी निघाली होती. दवाखान्यात डॉक्टर साफ करत होता, मी मान फिरवून उभी. डॉक्टरने विचारलं, दुखतंय? नाय. डॉक्टर मला बोलला, अशा लोकांना जाणवत नाही, तुम्ही काळजी करू नका. डॉक्टर बोलला म्हणजे तसंच असणार. गल्लीत पण तेच झालं. पल्याला लागत नाही.

आत्याबाई गेल्या तेव्हा सगळे रडले, भाऊजी नाही रडले. प्रेताजवळ बसून राहिले. कोणीतरी विचारलं, आई गेली, वाईट वाटत नाही का रे? ते नायच बोलले. त्या दिवशी त्यांच्या शर्टाचा खालचा कोपरा फाटला. बोटांनी वळून वळून फाटला. ही त्यांची सवय होती, डाव्या हाताने शर्टाचं टोक धरायचं आणि विडी वळल्यासारखं वळत बसायचं. त्यांचे सगळे शर्ट त्या कोपऱ्याला चुरगळलेले. मी इस्त्री करून करून थकले होते. तो शर्ट मी शिवला आणि परत दिला. एवढंच.

मग मालक गेले. घरात मी आणि भाऊजी. मुलगी लग्न होऊन नाशिकला. भाऊजींचे केस पांढरे झाले, दात पडले. चाळिशी ओलांडली नाही तोच म्हातारे दिसायला लागले.

त्यानंतर त्यांच्या हातातून कटर पडायला लागला. आधी मी बोलले, भाऊजी, लक्ष द्या. पण पडायचाच. मग चालताना पायातली चप्पल निघून मागे राहायची आणि त्यांना कळायचं नाही. तसेच एका चपलेने पुढे जायचे. मग पाय घासायला लागले. एकदा दोनदा अंथरूण ओलं झालं. गल्लीतले बोलले, वय झालं. विमल बोलली, हट्टीपणा करतो, वहिनी, तुम्ही लाडावून ठेवलाय. एकटी मी त्यांना उचलून किती वेळा मोरीत नेणार? तेव्हा विमलनेच कात्रपच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवायला सांगितलं. त्या तरुण होत्या. त्यांनी भाऊजींना दोन बोटं दाबायला सांगितली, चालायला सांगितलं, मानेचा फोटो काढायला लावला. बोलल्या, या लोकांची मान वरच्या मणक्यापाशी सैल असते, कधी कधी सरकते. त्यांची सरकली आहे. आतली नस दाबली जाते. दुखत असेल त्यांना. विमल बोलली, नाही हो मॅडम, त्याला दुखत नाही. डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना विचारलं. भाऊजी बोलले, नाय.

मग अंबरनाथच्या मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. ते बोलले, ऑपरेशन करावं लागेल, पण आधी बघू, हातापायाचं डोक्यापर्यंत किती पोचतंय. केलं तर धोका आहे, हृदयाला पण लहानपणापासूनचं भोक आहे. नाही केलं तर आधी पाय जातील, मग हात, आणि एखाद दिवशी श्वास. विमलचं मत नको असंच होतं. मला बाजूला घेऊन बोलली, "वहिनी, त्याला काही जाणवत नाही. कशाला कापाकापी? आहे तसा राहू दे." मला पण कळत नव्हतं. ज्याला दुखतच नाही त्याची मान कशाला उघडायची, हे मला पण बरोबर वाटत होतं.

म्हणून आम्ही अंबरनाथला त्या खोलीत होतो.

मनीषाताईंनी भाऊजींच्या डोक्याची कातडी खरखरीत मलमाने घासली आणि वायरी चिकटवल्या. उजव्या मनगटाला लोखंडी बटणं बांधली. मला बोलल्या, मावशी, हलकासा करंट जाणार, टिचकी मारल्यासारखा, परत परत. काका हलले तर सगळं पुसलं जाईल. झोपेची गोळी देऊ का? मी भाऊजींना बोलले, भाऊजी, पडून राहा, हलू नका. ते लाकडासारखे पडले. गोळी लागली नाही.

मशीन सुरू झालं. टिक टिक टिक. दर टिकेला त्यांचा अंगठा आपोआप उडायचा. मनीषाताई बोलल्या, काका, लागलं तर सांगा हां, कमी करते. लागतंय? भाऊजी बोलले, नाय. अंगठा उडत होता. पडद्यावर आधी नुसतं खरखर होतं, मग हळूहळू एक रेघ तयार झाली. वर गेली, खाली आली. त्या बोलल्या, "पोचतंय, मावशी. चांगलं मोठं पोचतंय."

विमल बोलली, अहो ताई, काहीतरी चुकतंय, त्याला लहानपणापासून काही लागत नाही.

मनीषाताई पडद्याकडेच बघत बोलल्या, "ते काय बोलतात ते मी धरतच नाहीये, ताई. हे मशीन माणसाला विचारत नाही. डोक्याला विचारतं."

मग त्यांनी सांगितलं की भाऊजींसारख्या लोकांची ही रेघ पुष्कळदा आपल्यापेक्षा मोठीच येते. मी विचारलं, म्हणजे त्यांना आपल्यापेक्षा जास्त दुखतं का? त्या बोलल्या, "नाही हो, दुखणं यात दिसत नाही. मनगटावरून निघालं ते डोक्यात पोचलं, एवढंच दिसतं."

मला एवढं पुरलं. म्हणजे चिमटा पोचत होता. इस्त्री पोचली होती. आत्याबाईंनी दाबलेली कानाची पाळी पण पोचली असणार.

मी भाऊजींकडे बघितलं. उजवा अंगठा उडत होता. डावा हात शर्टाच्या कोपऱ्याशी होता आणि बोटं वळत होती. टिक टिक चालू होती तोवर वळत होती. मशीन बंद केलं, थोड्या वेळाने बोटं थांबली. मनीषाताईंनी परत चालू केलं, बोटं परत वळायला लागली. मी विमलला नुसतं बोट करून दाखवलं. ती बघत राहिली. मग बोलली, "वहिनी, आई त्याला गूळ द्यायची ना."

मी बोलले, हो.

पायाचं घेतलं तेव्हा रेघ बारीक आली, उशिरा आली. डाव्या पायाची तर आली की नाही हेच कळेना. मनीषाताईंनी परत परत लावून बघितलं. मोठे डॉक्टर आले, बघितलं, बोलले, मानेत अडतंय. मुरलीसेठ स्टुलावरून उठून आत आला होता. पडद्याकडे बघितलं, भाऊजींच्या हाताकडे बघितलं आणि बाहेर टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी कारखान्यातले चिमटे गोळा करून घेऊन गेला असं कारागिरांनी सांगितलं. चिमट्यांऐवजी दोन दोऱ्या एकमेकींत पिळा आणि पॅंटी त्यात अडकवा बोलला.

ऑपरेशनचं विमलने माझ्यावर सोडलं. मी भाऊजींवर सोडलं. पण त्यांना विचारायचं कसं? दुखतंय का विचारलं तर उत्तर ठरलेलं. मी जीन्स घेऊन बसले होते, एका पॅंटची शिवण उसवलेली होती. ती त्यांना दाखवली. बोलले, "भाऊजी, तुमची मान आतून अशी उसवलीय. शिवायची का?"

त्यांनी पॅंट हातात घेतली. उसवल्या जागी बोट घालून बघितलं. बोलले, "शिव, वयनी."

मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. मानेला पट्टा, डोकं हलवायचं नाही. वॉर्डातली नर्स यायची, बाबा, दुखतंय का? नाय. ती लिहायची आणि पुढच्या पलंगावर जायची. मी तिला थांबवलं. भाऊजींना हॉस्पिटलचे कपडे, टोक धरायला शर्ट नाही, तर ते चादरीचा कोपरा वळत होते. मी बोलले, सिस्टर, तोंडाला विचारू नका, हा हात बघा, हा वळतोय तोवर दुखतंय. नर्सने माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने बोटं सैल पडली. मग तिने दुसऱ्या पाळीच्या नर्सला पण सांगून ठेवलं. तिथे होतो तोवर सगळ्या नर्सा आधी चादर बघायच्या.

भाऊजी घरी आले. भिंत धरून चालायला लागले. चप्पल निघाली की थांबायचे, मागे बघायचे, पाय घालायचे. कटर काही परत धरता आला नाही, पण धागे उचलायचे. सेठ घरी भेटायला आला, भाऊजींना हात जोडता येत नव्हते नीट. सेठच आधी बोलला, जय भीम. भाऊजी बोलले, जय झूलेलाल. आणि हसले. सेठ जरासा बसला आणि चहा न पिताच गेला.

असे दोन हिवाळे गेले. दुसऱ्यात छाती भरली. परत हॉस्पिटल, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डॉक्टर बोलले, हृदय थकलंय. विमल बाहेर औषध आणायला गेलेली. दुपारची वेळ, वॉर्डात जेवणाच्या ताटांचा आवाज. भाऊजींनी माझ्या पदराचा कोपरा धरला होता आणि वळत होते. मी विचारलं नाही. वळू दिला. वळता वळता बोटं हळू झाली. मग थांबली. पदराचं टोक त्यांच्या बोटात तसंच राहिलं, विडीसारखं घट्ट.

नर्स आली. तिला माहीत नव्हतं. तिने सवयीने विचारलं, बाबा, दुखतंय का?

मी बोलले, "नाय. आता नाय दुखत."

विमल औषध घेऊन आली तेव्हा मी पदर सोडवत होते.

मी शिकलेली नाही, चौथीत शाळा सुटली, मला जास्त काही सांगता येत नाही. ज्यांच्या घरात नाहीतर शेजारी भाऊजींसारखं कोणी आहे त्यांना एवढंच मागणं आहे. दुखतंय का विचारून, नाही बोलला म्हणून उठून जाऊ नका. थोडं बसा आणि हात बघा.